गोरिलाची झाकली मूठ

माथेरानला दस्तुरी नाक्यावरून चालत निघालं की पहिल्या दहा मिनिटांत माकडं भेटतात आणि पुढच्या पाचात कुणाचं तरी पोर मोठ्यांची पंचाईत करतं. मागच्या खेपेला माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा सहा-सात वर्षांचा नातू चालले होते. कठड्यावर एक दांडगं माकड पाय फाकवून ऐसपैस बसलं होतं, हातात कुणाकडून तरी हिसकावलेलं मक्याचं कणीस. पोराने कणसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं बोट भलतीकडेच होतं.

"आजी, याला तिथे एवढं काय झालंय?"

"सुजलंय. गांधीलमाशी चावली असेल. चल पुढे."

आजींनी वेळ मारून नेली. पण पोराचा प्रश्न चोख होता. इतका, की १९८१ साली हारकोर्ट, हार्वे, लार्सन आणि शॉर्ट या चौघांनी त्याच्यावर 'नेचर'मध्ये लेख लिहिला. माकडं, वानरं, लेमूर, गोरिला-चिंपांझीसारखे कपी आणि आपण, या सगळ्या खटल्याला शास्त्रात प्रायमेट म्हणतात. या चौघांनी त्यातल्या ३३ प्रजातींच्या नरांच्या वृषणांची वजनं मांडली आणि शेजारी त्यांच्या घरगुती भानगडी लिहिल्या. निघालं ते असं: वृषण केवढे असावेत हे नराच्या अंगापिंडावर फारसं ठरत नाही. त्याची मादी आणखी किती नरांकडे जाते, यावर ठरतं.

१७० किलोंचा पहिलवान, बोराएवढा ऐवज

गोरिला घ्या. पूर्ण वाढलेला, पाठीवर चांदी उतरलेला नर १७० किलोंच्या आसपास भरतो. छाती बडवली तर रान हादरतं. आणि दोन्ही वृषण मिळून वजन किती, तर सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे एकेक मोठ्या बोराएवढं. शिश्न ताठर असताना जेमतेम ३ सेंटिमीटर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही.

आता चिंपांझी. वजन ४५ किलो, गोरिलाच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त. वृषण मात्र जोडीने १२० ग्रॅमच्या घरात. एकेक सरळ कोंबडीच्या अंड्याएवढं.

याचं कारण दोघांच्या बिऱ्हाडात आहे. गोरिलाच्या घरात बहुधा एकच कर्ता पुरुष, भोवती चार-सहा माद्या आणि पिल्लं. त्याची सगळी लढाई समागमाच्या आधी होऊन जाते. दुसऱ्या नराला दातांनी, खांद्यांनी, नुसत्या थाटाने पळवून लावलं की काम फत्ते. म्हणून तो मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो आणि सुळे कट्यारीसारखे. एकदा दाराशी पहारा बसला की आत कोठार भरून ठेवायची गरज काय?

चिंपांझीच्या टोळीत दाराला कडीच नसते. मादी माजावर आली की टोळीतले बरेच नर तिच्याशी जुगतात. एकेक समागम उणापुरा सात सेकंदांचा. लढाई संपत नाही, ती मादीच्या पोटात सुरू होते. कुणाचे शुक्राणू आधी पोचतात, कुणाचे जास्त टिकतात, यावर बाप ठरतो.

या प्रकाराला 'शुक्राणूंची स्पर्धा' हे नाव १९७० साली जेफ्री पार्कर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने रूढ केलं. त्याचा अभ्यास मुख्यतः शेणाच्या पोवावर जमणाऱ्या पिवळ्या माश्यांवर उभा होता. हिशेब अगदी गणपतीतल्या लकी ड्रॉसारखा. बक्षीस एकच, पण ज्याने शंभर तिकिटं घेतली त्याची शक्यता दहा तिकिटंवाल्यापेक्षा जास्त. चिंपांझी तिकिटं छापायचा कारखानाच बाळगून असतो. गोरिलाच्या मांडवात मुळात तिकीट घेणारा तो एकटाच.

विरजण लागलेलं वीर्य

कारखाना मोठा असणं एवढ्यावर भागत नाही. चिंपांझीचं वीर्य बाहेर पडल्यावर विरजण लावल्यासारखं घट्ट होतं आणि त्याचं चक्क बूच बनतं. आपला ऐवज आत राहावा, पुढच्याचा आत जाऊ नये. रिंगटेल लेमूर आणि काही माकडांतही ही सोय आहे.

हे घट्टपण आणणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं जनुक २००४ साली वेगवेगळ्या प्रायमेटांत तपासलं गेलं. ज्या जातींत माद्या अनेक नरांकडे जातात, तिथे ते जनुक झपाट्याने बदलत गेलेलं दिसलं. गोरिलाकडे त्याच्या भावंड-जनुकाची अवस्था ओसाड वाड्यासारखी आहे, वापर नाही म्हणून मोडकळीला आलेलं. बाटलीवर दुसऱ्या कुणाची नजरच नसेल तर बूच कशाला लावायचं?

शुक्राणूच्या बांधणीतही फरक पडतो. त्याच्या डोक्याच्या मागे एक मधला भाग असतो, त्यात ऊर्जा पुरवणारी सूक्ष्म इंजिनं भरलेली असतात. २००२ साली अँडरसन आणि डिक्सन यांनी दाखवलं की स्पर्धा असलेल्या जातींत हा मधला भाग जास्त मोठा असतो. टाकी मोठी, पल्ला मोठा.

फ्लोची वरात

इथवरची गोष्ट सगळी नरांची झाली. या विषयावरचं जुनं लिखाण वाचताना माझी हीच तक्रार असते. पानंच्या पानं नर लढतायत, नर जिंकतायत, आणि मादी म्हणजे जणू शर्यतीचं मैदान. मैदान गप्प बसलेलं नसतं, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला.

टांझानियात गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल चिंपांझींच्या मागे हिंडत होत्या तेव्हा बरेच नर त्यांच्या तळाजवळ यायला बिचकत. १९६३ साली फ्लो नावाची एक वयस्क, फाटक्या कानांची, कुणी सुंदर म्हणणार नाही अशी मादी माजावर आली. चिंपांझीच्या मादीचा मागचा भाग अशा वेळी फुगून गुलाबी होतो, लांबूनही नजरेत भरेल असा. फ्लो केळी खायला तळावर आली आणि तिच्यामागे नरांची वरातच आली. पुढच्या सगळ्या अभ्यासाला त्या सुजेचा मोठा हातभार लागला. १९७२ साली फ्लो गेली तेव्हा लंडनच्या 'संडे टाइम्स'ने तिचा मृत्युलेख छापला.

माकडांच्या या रंगीत बुडांनी डार्विनलाही छळलं होतं. १८७१ च्या आपल्या ग्रंथाबद्दल नंतर लिहिताना, दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने आपल्याला इतकं कोड्यात टाकलं नाही, अशी कबुली त्याने दिली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हे छापायला छाती लागत असणार.

असा फुगीर फलक सगळ्या जातींत नसतो. ज्यांच्या टोळीत बरेच नर असतात, तिथेच तो जास्त करून दिसतो. इथिओपियाच्या डोंगरमाथ्यावरच्या जेलाड माकडांनी तर फलकाची जागाच बदलली. ही मंडळी दिवसभर बसून गवत खुडतात, बूड जमिनीला टेकलेलं. मागे पाटी लावून वाचणार कोण? म्हणून जेलाडाच्या मादीची पाटी छातीवर. तिथल्या उघड्या लाल कातडीभोवतीचे मण्यांसारखे फोड माजाच्या चक्राबरोबर फुगतात आणि ओसरतात.

दक्षिण अमेरिकेतल्या स्पायडर मंकीच्या मादीचं शिश्निकेचं लोंबतं टोक इतकं लांब असतं की नवख्या निरीक्षकांना तीच नर वाटते. रानात नर-मादी ओळखायची तिथली रीत म्हणूनच उलटी: लोंबताना ठळक दिसलं, तर बहुधा बाई.

धारवाडचे हुप्पे

धारवाड म्हटलं की आपल्याला पेढा आणि गाणं आठवतं. प्रायमेटांच्या अभ्यासकांना आठवतो खून. १९६२ साली युकिमारू सुगियामा हे जपानी अभ्यासक धारवाडच्या रानात वानरांच्या टोळ्या पाहत होते. आपली मराठी इथे शास्त्राच्या पुढे आहे. माकड वेगळं आणि वानर वेगळं, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. त्यांच्या टोळीत बहुतेकदा एकच मोठा नर, तो हुप्प्या. बाकीचे तरणे नर वेगळा जथा करून भटकतात आणि संधीची वाट बघतात. सुगियामांच्या डोळ्यांसमोर अशा बाहेरच्या नरांनी टोळी ताब्यात घेतली आणि नव्या हुप्प्याने अंगावरची पिल्लं मारली.

पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी हेच पाहिलं. १९७१ पासून अबूच्या डोंगरावर सारा हर्डी या अमेरिकन विद्यार्थिनीने ते वर्षानुवर्षं टिपलं. त्यांचं 'द लंगूर्स ऑफ अबू' हे पुस्तक १९७७ साली आलं. तोवर समज असा की गर्दीने वेडावलेली जनावरं असं करत असतील. हर्डींचा हिशेब थंड डोक्याचा होता. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा गाभण राहत नाही. नव्या हुप्प्याची सद्दी फार तर दोन-चार वर्षांची. दुसऱ्याचं पोर मेलं तर त्याचा नंबर लवकर लागतो. नेपाळात रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. पिल्लं मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

मग वानरीण काय करते? हर्डींनी पाहिलं की ती टोळीबाहेरच्या नरांनाही भेटते. पोट असताना देखील जुगते. जुन्या विचारात याला अर्थच नव्हता. हर्डींनी अर्थ लावला: ज्या नराला 'हे माझंही असेल' अशी शंका आहे, तो पिल्लाला हात लावायला कचरेल. बापाचा घोळ हीच पोराची कवचकुंडलं. म्हणून तिच्या अंगावर चिंपांझीसारखी जाहिरात नाही, सूज नाही, रंग नाही. रामनगरलाच २००१ मध्ये विष्ठेतून संप्रेरकं मोजली, तेव्हा नरांना तिचा नेमका दिवस ओळखता येत नाही असं दिसलं. गोरिलाची मूठ झाकलेली, पण खरी झाकली मूठ वानरिणीची.

दाढी की दारूगोळा?

अंगात कस ठरावीकच असतो. सगळीकडे खर्च करता येत नाही.

दक्षिण अमेरिकेतली हाउलर माकडं डरकाळीसाठी प्रसिद्ध. त्यांच्या गळ्यातलं एक हाड पोकळ होऊन ढोलासारखं फुगलेलं असतं. केंब्रिजच्या जेकब डन यांनी २०१५ साली वेगवेगळ्या जातींची हाडं आणि वृषण ताडून पाहिले. ज्यांचा ढोल मोठा, त्यांचे वृषण लहान, आणि त्यांच्या कळपात नर बहुधा एकटा. लहान ढोलवाल्यांचं उलट. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या पुरुषांविषयी यातून काय काढायचं ते ज्याचं त्याने काढावं. माकडांच्या एका जातीची दुसरीशी तुलना माणसामाणसांत लागू होत नाही, हे मात्र सांगून ठेवते, नाहीतर सोसायटीच्या सभेत भांडणं व्हायची.

२०१९ साली प्रायमेटांच्या बऱ्याच जाती एकत्र घेऊन हेच पुन्हा तपासलं गेलं. दाढी, आयाळ, रंगीत कातडी असा साज जितका भारी, तितके वृषण कमी. गंमत म्हणजे सुळ्यांबाबत हा सौदा दिसला नाही. हत्यारही ठेवा, दारूगोळाही ठेवा, नटण्यात काटकसर करा.

नियम म्हटला की अपवाद आलाच. बोर्निओतला लांबनाक्या माकडाचा नर पाहा, नाक काकडीसारखं तोंडावर लोंबतं. २०१८ च्या अभ्यासात ज्याचं नाक मोठं, त्याचं शरीरही मोठं, वृषणही मोठे आणि माद्याही जास्त निघाल्या. एकाच जातीत दमदार गड्याला सगळंच परवडतं.

आफ्रिकेतल्या मँड्रिलमध्ये हे खुर्चीबरोबर बदलतं. अव्वल नराच्या नाकाची लाली सगळ्यात गडद. गॅबनमधल्या निरीक्षणांत दिसलं की पद मिळालं की लाली चढते आणि वृषण वाढतात, पद गेलं की रंग उतरतो आणि तेही आक्रसतात. राजकारणातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

लगीनसराई

१९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी हिंदुस्थानातून चारशेहून अधिक लालतोंडी माकडं जहाजाने नेली आणि प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर सोडली. त्यांचे वंशज अजून तिथेच आहेत. उत्तर हिंदुस्थानातल्या देवळांत प्रसादावर झडप घालतात तीच ही जात. १९६५ च्या सुमारास या बेटावर दिसलं की नरांचे वृषण बारमाही सारखे नसतात. जुगण्याच्या हंगामाआधी वाढतात, हंगाम सरला की पुन्हा लहान होतात. लगीनसराईपुरता मांडव घालायचा आणि मग उतरवायचा.

मादागास्करच्या उंदीर-लेमूरची मादी याच्याही पुढची. हंगाम नसेल तेव्हा तिचा योनिमार्ग कातडीने बंदच असतो. तिथल्याच रिंगटेल लेमूरची मादी वर्षाकाठी एका दिवसाहूनही कमी वेळ राजी असते, म्हणून तेवढ्यात नरांची त्रेधा उडते. ते मनगटाच्या ग्रंथींचा वास शेपटीला चोपडतात आणि शेपटी प्रतिस्पर्ध्याच्या नाकासमोर हलवतात. अत्तराने केलेली मारामारी.

आणि प्रायमेटांतला विक्रम? तोही मादागास्करचाच. मिर्झा झाझा नावाचा निशाचर लेमूर, वजन पाव किलोहून थोडं जास्त. वृषणांचा वाटा शरीराच्या सुमारे ५.५ टक्के. ७० किलोंच्या माणसाला याच प्रमाणात द्यायचे झाले तर पावणेचार किलोंच्या वर जातील. लोकलला धावताना काय होईल याची कल्पना करू नका. मी केली, आणि पश्चात्ताप झाला.

हाड नसलेला प्राणी

बहुतेक प्रायमेट नरांच्या शिश्नात एक हाड असतं. आपल्यात नाही. टार्सियरमध्ये नाही, स्पायडर मंकीत नाही. चिंपांझीत आहे, पण नखाएवढं. आपल्या ईशान्येच्या जंगलातल्या आखूडशेपट्या माकडाचं मात्र ५ सेंटिमीटरहून मोठं. २०१६ साली मटिल्डा ब्रिंडल आणि किट ओपी यांनी दाखवलं की जिथे समागम तीन मिनिटांहून लांबतो, तिथे हाडही लांब असतं. माणसाचं हाड का गेलं याचा एक तर्कही त्यांनी दिला आहे, पण तो मला अजून पटलेला नाही.

आणखी एक गोष्ट आपण गमावली. चिंपांझीच्या शिश्नावर बारीक केराटिनचे काटे असतात. २०११ साली कळलं की ते उगवण्याचा हुकूम देणारा डीएनएचा तुकडाच माणसाच्या वंशातून गळून पडला आहे. मिशीसारख्या संवेदी केसांचा हुकूमही त्याच तुकड्यात होता. एका फटक्यात दोन्ही गेलं. तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आपला नंबर कुठे?

एकपत्नी मंडळींकडे आधी बघून घेऊ. आसामात जोरहाटजवळ होलोंगापारच्या रानात हूलॉक गिबन सकाळी जोडीने गातात. नर-मादी अंगाने सारखे, सुळे सारखे, वृषण लहानसे. पण गिबनांच्या काही जातींत शेजारच्या झाडावरचे चोरटे संबंध अभ्यासकांनी पाहिले आहेत, तेव्हा फार हळवं व्हायचं कारण नाही. खरा सज्जन अर्जेंटिनातला घुबड-माकड. २०१४ साली त्यांच्या ३५ पिल्लांची जनुकं तपासली, एकाचाही बाप बाहेरचा निघाला नाही. पिल्लू पाठीवर घेऊन हिंडायचं कामही बापच करतो.

दुसऱ्या टोकाला ब्राझीलचं मुरिकी माकड. मोठे वृषण, टोळीत बरेच नर, आणि तरी भांडण जवळजवळ नाही. कॅरेन स्ट्रायर यांनी १९८० च्या दशकापासून त्यांना पाहिलं आहे. मादीभोवती नर शांतपणे आपली पाळी येईपर्यंत थांबतात. आपल्याकडे बँकेतही एवढी शिस्त नसते.

आणि माणूस? ६५ किलोंना सुमारे ४० ग्रॅम. गोरिलाहून प्रमाणात बरंच जास्त, चिंपांझीच्या आसपासही नाही. पुरुष बाईहून थोडा वजनदार, पण गोरिलासारखा दुप्पट नाही. वीर्याच्या जनुकाचा वेगही अधला-मधला. शिश्न मात्र सगळ्या कपींत मोठं, साधारण १३ सेंटिमीटर, आणि ते का, यावर अजून एकमत नाही. कुणी आपल्याला जन्मजात एकपत्नी ठरवतं, कुणी चिंपांझीचं सख्खं भावंड. दोघांनाही हे आकडे दाखवले की गप्प बसावं लागतं.

पुढच्या वळणावर आजी दगडावर टेकल्या होत्या. वर झाडावर वानरांची टोळी होती, शेपट्या खाली सोडून. नातू खडे गोळा करत होता. मी शेजारी बसले, बोलता बोलता गांधीलमाशीची गोष्ट निघाली, मी खरं कारण हळूच सांगितलं. आजी तोंडावर पदर धरून हसल्या. साताऱ्याकडच्या, गोठ्यात चार म्हशी. मग वर बघून म्हणाल्या, "म्हैस माजावर आली की रात्रभर ओरडती, गावाला कळतं. हिचं कसं कळतं गं?"

"नाही कळत आजी. त्या हुप्प्याला पण नाही."

आजींनी वानरिणीकडे जरा वेळ नीट पाहिलं. चण्याची पुडी पदराखाली सरकवली.

"बरंय की मग," म्हणाल्या.